पाण्याखालच्या बागेला उजेड किती हवा?

हायड्रिलाचा प्रयोग बहुतेकांनी शाळेत केलेला किंवा निदान पाहिलेला असतो. चंचुपात्रात पाणी, त्यात हायड्रिलाच्या काड्या, त्यांवर उपडं नरसाळं आणि नरसाळ्यावर पाण्याने भरून उलटी ठेवलेली परीक्षानळी. पात्र उन्हात ठेवलं की थोड्या वेळाने काड्यांमधून बारीक बुडबुडे सुटू लागतात. नळीच्या टोकाशी जमतो तो ऑक्सिजन. ढग आला की बुडबुडे मंदावतात, दिवा जवळ आणला की वाढतात. पण तेही एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे दिवा कितीही जवळ आणा, बुडबुड्यांचा वेग तिथेच थांबतो. मग पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर तो पुन्हा वाढतो, कारण सोड्यातून वनस्पतीला कार्बन मिळतो.

घरात जलवनस्पतींची टाकी, म्हणजे शौकिनांच्या भाषेत प्लांटेड टँक, ठेवणाऱ्याला प्रकाशाबद्दल जे कळायला हवं त्याचा गाभा या प्रयोगात आहे. वनस्पतीने किती वेगाने वाढायचं हे प्रकाश ठरवतो. तो वेग पेलण्याइतका कार्बन डायऑक्साइड आणि खत पाण्यात नसेल, तर जास्तीचा उजेड वनस्पतीच्या उपयोगी पडत नाही. शेवाळाच्या मात्र नक्की पडतो.

तरीही दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, ‘दोन फुटी टाकीला किती वॉटचा दिवा लागेल?’ हा प्रश्न ट्यूबलाइटच्या जमान्यातला आहे. तेव्हा सगळ्यांकडे जवळपास एकाच जातीच्या ट्यूब असत, त्यामुळे वॉटवरून उजेडाचा अंदाज बांधता येई. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो, इतकंच. आजच्या दोन एलईडी दिव्यांचे वॉट सारखे असले तरी त्यांतून बाहेर पडणाऱ्या उजेडात मोठा फरक असू शकतो. त्यामुळे वॉटच्या हिशेबाने दिवा निवडणं आता सोडून द्यायला हवं.

प्रकाश आणि शेवाळाचं भांडण मत्स्यालयाइतकंच जुनं आहे. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास काचेच्या टाकीत गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. मासे सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेते आणि वनस्पती सोडते तो ऑक्सिजन मासे घेतात, हा समतोल त्यांना दाखवायचा होता. समतोल साधला, पण पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं आणि काचेवर हिरवा थर चढू लागला. वॉरिंग्टन यांनी मग टाकीत गोगलगायी सोडल्या आणि त्यांनी तो थर फस्त केला. वीज घराघरांत पोचायला त्या वेळी बराच अवकाश होता. टाकीवर पडत होता तो दिवसाचा उजेडच.

वनस्पतीला कोणता प्रकाश लागतो, हे त्यानंतर तीसेक वर्षांनी उलगडलं आणि तेही शेवाळाच्याच मदतीने. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यांनी १८८२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या एका तंतूवर लोलकातून फाकवलेला सप्तरंगी पट्टा पाडला. भोवतीच्या पाण्यात ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू सोडले होते. ते तंतूभोवती सगळीकडे सारखे पसरले नाहीत. तांबडा आणि निळा उजेड पडलेल्या जागी त्यांची गर्दी झाली, हिरव्या पट्ट्यात तुरळक राहिली. ऑक्सिजन कुठे जास्त तयार होतो याचा नकाशाच जिवाणूंनी काढून दिला. इतका साधा आणि इतका बोलका प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात क्वचित सापडतो.

माणसाचा डोळा नेमका याच्या उलट चालतो. त्याला हिरवा-पिवळा रंग सर्वांत उजळ दिसतो आणि गडद निळा व गडद तांबडा फिके भासतात. दिव्याच्या खोक्यावर छापलेले ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. वनस्पतीचं माप वेगळं आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते मोजायचं. हे माप मायक्रोमोलमध्ये सांगतात आणि शौकीन त्याला थोडक्यात ‘पार’ म्हणतात. हिरवा प्रकाश वनस्पती अजिबात वापरत नाही, हा समज मात्र खरा नाही. पान त्यातलाही बराच भाग शोषून घेतं, म्हणून पांढऱ्या उजेडात वनस्पती उत्तम वाढतात.

भर दुपारी निरभ्र आकाशाखाली उन्हाचा पार साधारण २,००० मायक्रोमोल असतो. टाकीच्या तळाशी १५ ते ३० मायक्रोमोल पोचले तर शौकीन त्याला कमी उजेडाची टाकी म्हणतात. ३० ते ५० म्हणजे मध्यम आणि त्यावर गेलं की जास्त. म्हणजे कमी उजेडाची टाकी दुपारच्या उन्हाच्या एक-दोन टक्क्यांवर जगते. यात नवल नाही. टाकीत लावल्या जाणाऱ्या कितीतरी वनस्पती मुळात गर्द रानातल्या ओढ्यांच्या काठी, झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या आहेत. पश्चिम आफ्रिकेतली अनुबियास, आग्नेय आशियातली जावा फर्न, क्रिप्टोकोरायनच्या अनेक जाती, जावा मॉस या सगळ्यांना मंद उजेड पुरतो. अनुबियासवर भगभगीत दिवा टाकला तर तिची पानं काही चौपट वेगाने वाढत नाहीत. उलट हळू वाढणाऱ्या त्या जाड पानांवर हिरवे ठिपके बसतात आणि ते सहजासहजी निघत नाहीत.

पार मोजायचं यंत्र महाग असतं. सुरुवात करणाऱ्याला मोबाइलमधलं लक्स मोजायचं ॲप कामचलाऊ अंदाज देऊ शकतं. टाकीत पाणी भरण्याआधी मोबाइल तळाशी, स्क्रीन वर करून ठेवायचा आणि दिवा नेहमीच्या उंचीवर लावून आकडा वाचायचा. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला साधारण ६५ ते ७० ने भागलं की पार येतो. तळाशी २,००० लक्स दिसले तर हिशेब ३० मायक्रोमोलच्या आसपास जातो. मोबाइलचा सेन्सर काटेकोर नसतो आणि पाणी भरल्यावर परिस्थिती थोडी बदलते. तरीही टाकी मंद उजेडाची आहे की प्रखर, एवढं या आकड्यावरून कळतं आणि सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे. तांबडे-निळे दिवे वेगवेगळे बसवलेल्या पॅनेलला मात्र हा भागाकार लागू पडत नाही.

मोजायला काहीच नसेल तर ल्युमेनचा ठोकताळा वापरता येतो. लिटरमागे १० ते २० ल्युमेन म्हणजे मंद उजेड, २० ते ४० मध्यम, त्यावर प्रखर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावतं, म्हणजे हजारभर ल्युमेनचा दिवा तिथे मंद ते मध्यम ठरतो. उंच टाकीला हा हिशेब अपुरा पडतो, कारण दिव्यापासून तळ दूर गेला की उजेड पसरतो आणि विरतो. टाकीत सजावटीला ठेवलेल्या नव्या लाकडातून (ड्रिफ्टवूड) उतरणाऱ्या अर्काने पाणी चहाच्या रंगाचं झालं असेल तर निळा उजेड आणखी अडतो.

मग सरळ सर्वांत प्रखर दिवा का घेऊ नये?

प्रकाश ही चुलीची आच आहे. भांड्यात पाणी आणि तांदूळ बेताचे असताना आच मोठी केली, तर भात लवकर शिजत नाही, करपतो. टाकीतही कार्बन डायऑक्साइड, नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅशियम, लोह हे सगळं उजेडाच्या प्रमाणात लागतं. त्यातला कार्बन डायऑक्साइड सर्वांत आधी संपतो. पाण्यात तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे पानाच्या अगदी लगतचा वायू वापरला गेला की नवा पोचायला वेळ लागतो. वेगळा पुरवठा नसलेल्या टाकीत तो लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतो. सिलिंडर लावून वायू सोडणारे शौकीन तो ३० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. त्यासाठी टाकीत काचेचा छोटा ड्रॉप चेकर टांगलेला असतो. त्यातला द्रव निळा दिसला तर वायू कमी, हिरवा म्हणजे बेताचा, पिवळा झाला तर जास्त. पिवळ्या रंगाकडे दुर्लक्ष केलं तर मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, कधी मरतातही. दिवा लागण्याच्या एक-दोन तास आधी वायू सुरू करायचा आणि दिवा मालवण्याच्या सुमारास बंद करायचा, कारण अंधारात वनस्पती तो घेत नाहीत. त्या स्वतःच तो सोडतात.

टाकीत जलवनस्पतींची बाग मांडण्याच्या कलेला जगभर नेणारे जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी हे फार लवकर ओळखलं होतं. निईगाता इथले अमानो पूर्वी सायकल शर्यतपटू होते. त्यांनी १९८२ मध्ये जलवनस्पतींच्या टाक्यांसाठी आपली कंपनी काढली. त्याआधी, वायूचे सिलिंडर आणि डिफ्यूझर बाजारात सहज मिळत नसताना, त्यांनी टाकीत चक्क सोडावॉटर ओतून पाहिलं होतं. पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ मध्ये उघडलेली त्यांची ४० मीटर लांब, १ लाख ६० हजार लिटरची टाकी हे त्यांचं शेवटचं मोठं काम. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्या टाक्यांची छायाचित्रं पाहून प्रखर दिवे घेणाऱ्यांना छायाचित्रात न दिसणाऱ्या गोष्टी कळायला हव्यात. त्या टाक्यांमागे वायूचा पुरवठा, रोजचं खत, वारंवार पाणी बदलणं आणि कात्री घेऊन केलेली नेमाची छाटणी असते. एवढा वेळ देता येत असेल, तर ग्लोसोस्टिग्मासारखी जमिनीलगत पसरणारी हिरवळ लावायला आणि दिवा वाढवायला काहीच हरकत नाही. आठवड्यातून तासभरच मिळणार असेल, तर मंद उजेड हा खराखुरा चांगला पर्याय आहे. त्यात कमीपणा काही नाही. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात मातीच्या थरावर उभ्या केलेल्या, वायूचा सिलिंडर नसलेल्या टाक्यांचं शास्त्र सविस्तर मांडलं आणि त्या वाटेने जाणारे हजारो लोक समाधानाने टाक्या सांभाळत आहेत.

रंगाबद्दल गैरसमज फार आहेत. खोक्यावर ६,५०० केल्विन लिहिलेलं असलं की तो वनस्पतींचा दिवा, असं दुकानदार सांगतात. केल्विनचा आकडा पांढरा उजेड पिवळसर दिसेल की निळसर, एवढंच सांगतो. ६,५०० म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा. ४,००० किंवा ८,००० केल्विनच्या दिव्याखालीही वनस्पती वाढतात, तीव्रता पुरेशी असली म्हणजे झालं. गडद निळे दिवे मात्र समुद्री टाकीतल्या प्रवाळांसाठी असतात. गोड्या पाण्याच्या टाकीवर ते लावले की मासे चमकतात खरे, पण हिरवी पानं काळपट दिसतात.

आज सर्रास मिळणारा पांढरा एलईडी म्हणजे निळ्या प्रकाशाच्या चिपवर चढवलेला पिवळा फॉस्फर. निळी चिप बनवणं अवघड होतं. ते साधणारे इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. (टाकीवाले अमानो आणि नोबेलवाले अमानो, आडनाव एकच, माणसं दोन.) या दिव्यांमुळे विजेचा खर्च घटलाच, शिवाय पाणी तापणंही कमी झालं. पूर्वीचे मेटल हॅलाइड दिवे टाकीवर इतकी उष्णता ओतत, की मे महिन्यात विदर्भासारख्या ठिकाणी ते लावणं कठीणच. तांबडे, हिरवे, निळे आणि पांढरे असे चारही दिवे असलेली महाग पॅनेलं रंग खुलवतात आणि डोळ्यांना सुखावतात. त्यांनी वाढ दुप्पट होते असं मात्र नाही.

लाल पानांचं तसंच. दक्षिण भारतातली रोटाला मॅक्रान्ड्रा जगभरच्या शौकिनांची लाडकी आहे. तिचा लाल रंग येतो अँथोसायनिन या रंगद्रव्यातून आणि ते पान प्रखर उजेडात जास्त बनवतं. तांबडा दिवा लावला की तेच पान फक्त लाल दिसतं. दिवा बंद करून टॉर्चच्या पांढऱ्या उजेडात पाहिलं की खरं काय ते कळतं.

आपल्याकडच्या वनस्पतींचा विषय निघाला म्हणून एक सांगायलाच हवं. पश्चिम घाटातल्या कासच्या पठारावर पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यात वायतुरा ही पाणवनस्पती फुलते. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. दोन फांद्यांचा त्याचा नाजूक तुरा पाहून टाकीवाल्यांचे हात शिवशिवतात. तो उघड्या पठारावर वाढतो आणि पाणी आटलं की जमिनीखाली कंद होऊन पुढच्या पावसाची वाट पाहतो. बाराही महिने भरलेल्या, दिव्याखालच्या टाकीत हे चक्र मिळणार नाही. शिवाय जगात तो फक्त आपल्याच डोंगरांत आहे. तो तिथेच राहू द्यावा.

दिवा आणला की खरं काम सुरू होतं ते जुळवण्याचं. हातात तीन गोष्टी असतात. किती तास, किती प्रखर आणि किती उंचीवर. नव्या टाकीला पहिले काही आठवडे सहा तास पुरे. रोपवाटिकेतून आलेली बरीच रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. ती जुनी पानं टाकून पाण्याखालची नवी पानं काढत असतात, तेव्हा त्यांना जास्त उजेड वापरताच येत नाही. क्रिप्टोकोरायनची तर सगळी पानं विरघळून जातात. घाबरून ती उपटू नयेत, मुळांतून नवी पानं येतात. टाकी स्थिरावली की सात-आठ तासांवर जावं. दहा-बारा तास दिवा ठेवून वनस्पतींचा फायदा होतो, असं क्वचितच दिसतं.

तास नेमके राहावेत म्हणून टायमर हवाच. इथे आपल्याकडच्या लोडशेडिंगचा विचार करावा लागतो. चाकाचा साधा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू लागतो. रोज दोन तास वीज जात असेल तर आठवड्याभरात सकाळची संध्याकाळ होते. बॅटरी असलेला डिजिटल टायमर वेळ धरून राहतो. तेवढे जास्तीचे पैसे अवश्य द्यावेत. सकाळी कामावर जाणाऱ्यांनी दिवा दुपारी लावून रात्री नऊ-दहापर्यंत ठेवला तरी चालतं. वनस्पतीला घड्याळाशी देणंघेणं नाही, तिला रोजचा ठरलेला उजेड आणि ठरलेला अंधार हवा. माशांनाही अंधार हवा, त्यामुळे निळा ‘चांदणं’ दिवा रात्रभर जळत ठेवू नये. काही जण मध्ये तीन-चार तासांची विश्रांती देतात. वायूचा पुरवठा नसलेल्या टाकीत त्या वेळात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड पुन्हा भरून येतो, असं वॉलस्टॅड यांनी आपल्या टाक्यांत मोजून दाखवलं होतं. सिलिंडर असेल तर या विश्रांतीची गरज नाही.

उजेड कमी पडतोय हे वनस्पती सांगते. खोडावरच्या पेरांमधलं अंतर वाढतं, खालची पानं गळतात, जमिनीलगत पसरायची हिरवळ उंच उठते. जास्त होतोय हे शेवाळ सांगतं. पुसलेली काच दोन दिवसांत हिरवी होते, पानांच्या कडांना केसांसारखे धागे येतात. नवी पानं फिकट पिवळी येत असतील तर मात्र दिव्याला हात लावू नये, ती बहुधा लोहाची कमतरता असते. बदल करायचा तो एकावेळी एकच. डिमर असेल तर तीव्रता थोडी कमी करावी, नसेल तर दिवा चार-सहा इंच वर टांगावा. मग दोन आठवडे काहीही न करता थांबावं. नवी पानं यायला तेवढा वेळ लागतोच आणि निकाल जुन्या पानांवर कधीच दिसत नाही.

दिव्याला दोष देण्याआधी टाकीवरची काचही बघावी. बोअरच्या जड पाण्याचे शिंतोडे वाळून तिच्यावर क्षाराचा पांढरा पापुद्रा बसतो आणि बराच उजेड तिथेच अडतो. काच उतरवून व्हिनेगरने पुसली की नव्या दिव्याची गरज उरत नाही, असंही घडतं. वर तरंगणाऱ्या वनस्पती वाढून पृष्ठभाग झाकला असेल तर त्या विरळ कराव्यात. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर टायमरच्या हिशेबात तेही धरावं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि पावसाळ्यात सावलीत असलेली टाकी डिसेंबरमध्ये अचानक उन्हात येते.

पाणी आणि वीज शेजारी असतात, म्हणून दिव्याची वायर प्लगकडे नेताना आधी खाली झोल द्यावा. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या झोलातून जमिनीवर पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवलेला असावा.

खर्च फार नाही. ३० वॉटचा दिवा रोज आठ तास लावला तर महिन्याला सात-सव्वासात युनिट होतात. पैसे वाचवायचे असतील तर रंगीबेरंगी पॅनेलवर वाचवावेत, डिमरवर वाचवू नयेत, कारण उजेड कमी करता न येणारा प्रखर दिवा नवशिक्याला फार त्रास देतो. आणि ज्यांच्याकडे आधीच दिवा आहे, पण टाकी शेवाळाने भरली आहे, त्यांनी नवा दिवा शोधायला बाहेर पडू नये. टायमर आणावा, दिवा सात तासांवर आणावा आणि दोन आठवडे वाट पाहावी.